बिनलेबलाच्या बाटल्या

शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालय बंद करून ग्रंथपालबाई घरी आल्या, तेव्हा जिन्यातच त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पहिल्या मजल्यावरची शिंपीणबाई दार किलकिलं करून उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"तुमच्याकडे काही झालंय का हो?" तिने हळू आवाजात विचारलं. "म्हणजे, कुणी गेलं वगैरे?"

"नाही हो. स्वयंपाकघरात काहीतरी चाललेलं दिसतंय."

"मग तुमचे मिस्टर करत असणार," शिंपीणबाई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

ग्रंथपालबाईंनी पदरमोड करून काही विकत आणलेलं असो की फुकट मिळालेलं असो, या घरात ते सरळपणे कधी शिजलेलं नव्हतं. पण आजचा वास नवीन होता. भिजत घातलेली काकडी, दालचिनी आणि जळकी साखर यांनी एका भांड्यात भांडण काढावं, तसा तो वास होता. किल्लीने दार उघडताना त्यांनी मनाशी ठरवलं, की काहीही झालं तरी आज चिडायचं नाही. हा निश्चय चपला काढेपर्यंत टिकला.

त्या घरात दोन जण कमावते होते. एक ग्रंथपालबाई आणि दुसरं त्यांच्या नवऱ्याचं नाक. नवरा एका चहाच्या कंपनीत टी-टेस्टर होता. रोज सकाळी लांबलचक टेबलावर दीडशे वाट्या मांडल्या जायच्या. हा चमचाभर चहा 'सुर्रर्र' करून तोंडात ओढायचा, टाळूला लावायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "पास." किंवा, "नापास." सतरा वर्षं त्याने एवढंच केलं होतं, आणि ते इतकं चोख केलं होतं, की अख्खी कंपनी त्याला 'नाकेश्वर' म्हणायची. त्याला ते आवडायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण माणूस ऑफिसातून घरी येतो तेव्हा नाक बरोबर घेऊन येतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू व्हायचा.

लग्नानंतर चौथ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी हौसेने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्यांना नि डब्यांना लेबलं लावली होती. सुबक अक्षर, खाली क्रमांक. नवऱ्याने त्याच रात्री कोमट पाण्यात फडकं बुडवून एकूण एक लेबल खरवडून काढलं होतं.

"लेबल वाचूनच ओळखायचं, तर माणसाला नाक कशाला दिलंय?" तो म्हणाला होता. "चष्मा अडकवायला?"

तेव्हापासून चौदा वर्षं त्या फळीवर एकसारख्या तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. उजेडाने वास उडतो म्हणून सगळ्या तपकिरी, आणि नाकाला सवय राहावी म्हणून सगळ्या बिनलेबलाच्या. नवरा येता-जाता एखादं बूच उघडून हुंगायचा आणि स्वतःवर खूश व्हायचा. ग्रंथपालबाईंनी मात्र या चौदा वर्षांत एकदा केकमध्ये सोया सॉस घातला होता आणि एकदा सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल कोशिंबिरीवर ओतता ओतता वाचवलं होतं. दिवसभर बारा हजार पुस्तकं क्रमाने लावणाऱ्या बाईला घरी येऊन बाटल्या हुंगत उभं राहावं लागतं, याचं त्यांना अजूनही नवल वाटायचं. नवल म्हणजे खरं तर संताप. पण चौदा वर्षांनी संतापालाही सवय होते.

बाहेरच्या खोलीत सासूबाई शेगडीपाशी बसून स्वेटर विणत होत्या. गेल्या आठवड्यात त्यांना खोकला झाला होता. आता तो थांबलेला दिसत होता. गाल लाल झाले होते आणि त्या स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. स्वेटरची डावी बाही गुडघ्याच्याही खाली गेली होती.

"आई, आत काय चाललंय?"

"काहीतरी छान चाललंय बघ," सासूबाई प्रसन्नपणे म्हणाल्या आणि बाही आणखी पुढे विणू लागल्या.

स्वयंपाकघरात नवरा पातेल्यावर वाकून उभा होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ओट्यावर लोण्याचा गोळा, सोललेली तीन संत्री, फुटलेलं जायफळ, सांडलेल्या लवंगा आणि लोण्याने माखलेला मोबाईल होता. मोबाईलवर कुणा बाईने गरम मसालेदार रमची कृती लिहिली होती. कृतीच्या आधी तिने आपले आजोबा, त्यांचं लाकडी घर आणि त्यांचा आंधळा कुत्रा यांची अकरा परिच्छेद हकीकत सांगितली होती. नवऱ्याने ती सगळी वाचली असणार, कारण पातेल्यातलं लोणी काळं पडलं होतं.

"अहो! हे काय आहे?"

"रम. गरम, मसाल्याची. दार लाव आधी."

"दुपारी चार वाजता?"

"दार लाव, सांगतो."

ग्रंथपालबाईंनी दार लावलं. नवऱ्याने झारा खाली ठेवला, नाक पुसलं आणि एखाद्या लहान मुलाने फुटलेल्या काचेची कबुली द्यावी तसा तो म्हणाला, "मला वास येत नाहीये."

"कसला?"

"कसलाच. सर्दी झाली आणि गेला तो गेलाच."

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारपासून. आज नववा दिवस."

ग्रंथपालबाई मटकन स्टुलावर बसल्या. नऊ दिवस! नऊ दिवस हा माणूस त्यांच्या शेजारी झोपत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. मग त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली.

"म्हणजे मंगळवारी दूध करपलं, तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून पेपर वाचत होतात ते..."

"मला काय कळणार?"

"मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले!"

"ते ऐकू येत होतं," नवरा म्हणाला. "कान शाबूत आहेत."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"कंपनीचाच डॉक्टर. तो रोज मोठ्या साहेबांच्या टेबलावर जेवतो. सकाळी त्याला कळलं की दुपारी साहेबांना कळणार."

आता सगळी कथा बाहेर पडली. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य टेस्टर. ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कोण, हे सोमवारी सांगणार होते. सतरा वर्षं नवरा त्या जागेची वाट बघत होता. आणि आज सहा वाजता साहेब खुद्द घरी येणार होते. हिवाळी चहाचे तीन नमुने घेऊन. ऑफिसच्या गडबडीत नको, शांतपणे दोघांनी बसून त्यातला एक निवडू, असं ते म्हणाले होते. जो निवडला जाईल त्याची पाकिटं सोमवारी सकाळपासून भरली जाणार होती.

"साहेबांना कळलं ना, की माझं नाक गेलंय," नवरा म्हणाला, "तर ती जागा गेलीच. आणि नाकाशिवाय टेस्टर म्हणजे गोदामात पोती रचायला."

"मग नऊ दिवस ऑफिसात काय करत होतात?"

"जिभेला गोड, आंबट, कडू कळतं. रंग डोळ्यांना दिसतो. बाकी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघतो. ते 'हं' म्हणाले की मीही 'हं' म्हणतो. हल्ली तेच मला आधी विचारतात. फार विश्वास आहे गं त्यांचा. म्हणून जास्तच वाईट वाटतं."

ग्रंथपालबाईंना त्याची दया आली. अर्ध्या मिनिटाने पातेल्यातून पुन्हा वाफ आली आणि दया जरा मागे सरली.

"आणि हे पिऊन नाक उघडणार?"

"सगळे म्हणतात. वाफ तर बघ काय कडक आहे! दोन वेळा तोंड धुऊन आलो. थोडं आंबट झालंय, संत्र्यांमुळे. म्हणून साखर वाढवली."

"किती?"

"होती तेवढी."

"अहो," ग्रंथपालबाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "ही रम नाही. हे व्हिनेगर आहे."

वाचनालयात येऊन कुणी 'अ'नंतर काय येतं ते शिकवलं असतं, तर ग्रंथपालबाईंनी त्याच्याकडे जसं पाहिलं असतं, तसं नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"उगाच काहीतरी बोलू नकोस. तिसरी बाटली. रम कायम तिसरी असते."

"मी परवा फळी पुसली होती."

"पुसलीस म्हणजे क्रम बदललास?"

"क्रम लक्षात राहायला त्यावर काही लिहिलेलं असतं का?"

"मग हुंगून ठेवायच्या होत्यास ना!"

इथे ग्रंथपालबाईंनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. मग मोरीतली रिकामी बाटली उचलून त्याच्या नाकाखाली धरली. "हुंगा."

नवऱ्याने जोरात हुंगलं. "काहीच येत नाही."

"तेच तर मी म्हणतेय!"

"व्हिनेगरचा नाही तसा रमचाही येत नाही. मग व्हिनेगर कशावरून?"

ग्रंथपालबाई फळीकडे वळल्या आणि एकेक बूच उघडायला लागल्या. सोया सॉस. गुडघ्याचं तेल. व्हॅनिला. खोकल्याचं औषध, गळ्यापर्यंत भरलेलं. गुलाबपाणी. रम कुठेच नव्हती.

"बघ!" नवरा विजयाने म्हणाला. "फळीवर रम नाही. म्हणजे रम कुठे आहे? पातेल्यात."

"फळीवर व्हिनेगरही नाही!"

"ते संपलं असेल."

ग्रंथपालबाई तोंड उघडणार तोच दारावरची घंटा वाजली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "या, या साहेब! किती दिवसांनी!"

मोठे साहेब दीड तास आधी आले होते. उंचपुरे, गळ्यात लोकरीचा मफलर, हातात छोटी पेटी. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाहेर वारा फार आहे," ते रुमालाने डोळे टिपत म्हणाले. "म्हटलं, अंधार पडायच्या आत उरकावं. उजेडात रंग बरा दिसतो. नमस्कार वहिनी! आत काही चाललंय का?"

"काही नाही साहेब, जरा..." नवरा म्हणाला.

"काही नाही काय म्हणतोस?" सासूबाई म्हणाल्या. "साहेब, याने थंडीचं गरम पेय केलंय. रम घालून. पातेलंभर आहे. अगं, साहेबांना दे ना."

"अरे वा!" साहेब म्हणाले. "नाकेश्वरांच्या हातची रम! ती तर घ्यायलाच हवी."

स्वयंपाकघरात नवऱ्याने ग्रंथपालबाईंचं मनगट धरलं. "खरंच व्हिनेगर आहे का गं?"

"खरंच."

"मग देऊ नकोस."

"काय सांगू? का देत नाही म्हणून?"

"सांग, की सांडलं."

"सांडा मग."

पण साहेब मोकळ्या स्वभावाचे होते. ते पाठोपाठ आतच आले, पातेल्यात डोकावले आणि स्वतःच डावाने कप भरून घेतला. आता बोलायचं, तर काय बोलायचं? साहेब, थांबा, ते व्हिनेगर आहे, म्हणायचं? मग साहेबांनी विचारलं असतं, की नाकेश्वरांसारख्या माणसाने तासभर व्हिनेगर ढवळलं आणि त्याला कळलं कसं नाही? सतरा वर्षांची जागा त्या एका प्रश्नावर गेली असती. ग्रंथपालबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

साहेबांनी कप वर केला, डोळे मिटले आणि सवयीने 'सुर्रर्र' केलं. टाळूला लावलं. रम थुंकायची नसते म्हणून गिळलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मानेची शीर ताठ झाली, आणि मग हळूहळू चेहरा सैल पडला.

"उत्तम," साहेब म्हणाले. "लवंग किंचित पुढे आलीय. आंबटगोड छान जमलंय. आणि रम जुनी आहे. बरोबर?"

नवऱ्याने भिंतीकडून तोंड वळवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते बघून ग्रंथपालबाईंना त्याच्या अंगावर झारा फेकावासा वाटला.

"बारा वर्षांची आहे साहेब," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून दबक्या आवाजात, "तू म्हणे व्हिनेगर!"

ग्रंथपालबाईंनी चमचाभर पेय स्वतःच्या तोंडात घातलं. घसा आतून सोलल्यासारखा झाला. व्हिनेगर होतं. साखर, लोणी आणि लवंगा घातलेलं, पण शंभर टक्के व्हिनेगर. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब दुसरा कप भरत होते. कपामागून ते नवऱ्याचा चेहरा निरखत होते, आणि ती नजर ग्रंथपालबाईंना ओळखीची वाटली. वाचनालयात पुस्तक न वाचता चर्चेला येऊन बसणारे लोक शेजाऱ्याकडे असेच बघतात.

म्हणजे यांचंही नाक गेलंय! त्यांना हसू आवरेना. पहिल्यांदा त्यांच्या जिवात जीव आला. दोघांनाही काही कळत नव्हतं. आपण गप्प बसलो, की साहेब खूश, नवरा खूश, जागा पक्की. गप्प बसणं ग्रंथपालबाईंना अवघड नव्हतं. त्यांचा तो व्यवसायच होता.

टेबलावर तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या गेल्या. साहेबांनी पेटीतून तीन पुड्या काढल्या. प्रत्येकीवर नीट क्रमांक होता, हे ग्रंथपालबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी पाणी उकळून वाट्यांत ओतलं, घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली आणि थुंकायला जुनी बादली आणून ठेवली. नवरा आणि साहेब चमचे घेऊन समोरासमोर उभे राहिले.

"तुम्ही आधी," साहेब म्हणाले.

"छे छे, साहेब, तुम्ही असताना मी आधी?"

"उद्या तुम्हालाच बघायचंय सगळं. तुम्ही सांगा."

"शिकायचंय अजून साहेब. तुम्हीच सांगा."

चहा निवत चालला. शेवटी दोघांनी एकदमच 'सुर्रर्र' केलं, एकदमच बादलीत थुंकलं आणि दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हं," साहेब म्हणाले.

"हं," नवरा म्हणाला.

"रंग बघा एक नंबरचा," साहेब सावधपणे म्हणाले.

"तेच म्हणणार होतो! काय रंग आहे! लालबुंद."

"चवीला अंगही आहे."

"भरपूर अंग आहे साहेब."

"मग एक नंबर?"

"माझ्या मनातलं बोललात."

ग्रंथपालबाई किटली उचलायला एक नंबरच्या वाटीवर वाकल्या आणि तशाच थांबल्या. हा वास त्यांना झोपेतही ओळखू आला असता. वाचनालयाच्या तळघरात नळ फुटून बाराशे पुस्तकांना ओल लागली होती, तेव्हा पुढे सहा महिने त्यांच्या केसांनाही हाच वास येत होता. बुरशी. एक नंबरच्या चहाला चक्क बुरशी होती, आणि सोमवारी सकाळपासून ती पाकिटांत भरली जाणार होती.

त्यांनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. नवऱ्याने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"एक नंबर पुन्हा एकदा बघता का?" त्या म्हणाल्या. "मला जरा वेगळा वास..."

"अगं, हे नाकाचं काम आहे," नवरा म्हणाला. "तू यात पडू नकोस."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर एकचा आकडा लिहायला सुरुवात केली.

चौदा वर्षं. केकमधला सोया सॉस, खरवडलेली लेबलं, नऊ दिवसांचं मौन, होती तेवढी साखर, आणि आता हे नाकाचं काम. ग्रंथपालबाईंनी हातातली किटली टेबलावर आपटली. वाचनालयात ज्या बाईचा आवाज चौदा वर्षांत कुणी ऐकला नव्हता, तिचा आवाज पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला स्पष्ट ऐकू गेला.

"कुणाच्या नाकाचं काम? इथे नाक आहे कुणाला? या चहाला बुरशी आलीय, बुरशी! आणि साहेब, तुम्ही मघाशी दोन कप प्यालात ना बारा वर्षांची रम? ते व्हिनेगर होतं! अर्धी बाटली व्हिनेगर!"

बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या सुया थांबल्या. नवऱ्याचा चेहरा रिकाम्या वाटीसारखा पांढरा पडला. ग्रंथपालबाईंना त्या क्षणी आपण काय केलं ते कळलं. एका वाक्यात त्यांनी नवऱ्याला गोदामात पाठवलं होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"व्हिनेगर?"

"हो."

"दोन कप?"

"हो साहेब."

साहेब नवऱ्याकडे वळले. "नाकेश्वर, तुम्ही ते केलंत. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही साहेब," नवरा मान खाली घालून म्हणाला. मग त्याने मान हळूच वर केली. "तुम्ही प्यालात. तुम्हाला?"

साहेबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "घरीसुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, शेवटचा महिना आहे, निभावून नेऊ. नाकेश्वर बरोबर आहेत. ते 'हं' म्हणाले की आपण 'हं' म्हणायचं."

"पण साहेब, मी तर तुमचं 'हं' ऐकून 'हं' म्हणत होतो."

"मग पहिला 'हं' कुणाचा होता?"

दोघे विचारात पडले.

"म्हणजे गेले नऊ दिवस," नवरा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "कंपनीचा चहा पास कोणी केला?"

"कुणीच नाही."

"तक्रारी?"

"एकही नाही," साहेब म्हणाले. "एक पत्र आलं होतं काल. चहा अलीकडे फार सुधारलाय म्हणून."

सतरा वर्षांचा टेस्टर आणि पस्तीस वर्षांचा टेस्टर, दोघेही खुर्च्यांवर बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं. ग्रंथपालबाईंना चिडावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी उरलेल्या दोन वाट्यांवर वाकून वास घेतला. तीन नंबर जरा करपलेला होता. दोन नंबरच्या वाफेला ओल्या पानांचा आणि मधाचा वास होता. त्यांनी चमचाभर घेतला. थुंकायचं त्यांना शिकवलेलं नव्हतं, म्हणून गिळला.

"दोन नंबर," त्या म्हणाल्या.

"हं," साहेब म्हणाले.

"हं," नवरा म्हणाला.

साहेबांनी एकचा आकडा खोडून दोन लिहिलं आणि खाली सही केली. निघताना त्यांनी मफलर सावरत सांगितलं, "नाकेश्वर, नाकं काय, आज ना उद्या परत येतील. जागा तुमचीच. नऊ दिवस नाकाशिवाय काम केलंत आणि खुद्द मला शंका येऊ दिली नाहीत. मुख्य टेस्टरला आणखी काय लागतं? पण नऊ दिवसांचे सगळे नमुने उद्या सकाळी इथे पाठवतो. वहिनी, तुम्ही एकदा बघून द्याल का? गुपचूप?"

"देईन," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "एका अटीवर. आणि ती अट तुमच्यासाठी नाही."

नवऱ्याने फळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि निमूटपणे मान हलवली.

साहेब गेल्यावर ग्रंथपालबाईंनी पर्समधून वाचनालयाची कोरी लेबलं काढली. ही लेबलं त्या चौदा वर्षं पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या. पातेलं मोरीत रिकामं झालं, खिडक्या उघडल्या गेल्या आणि काम सुरू झालं. त्या बूच उघडून हुंगायच्या, नाव लिहायच्या, खाली क्रमांक टाकायच्या. नवरा मागचा कागद सोलून लेबल चिकटवायचा. वाकडं लागलं तर त्याला परत लावायला लावायच्या. सोया सॉस. व्हॅनिला. गुलाबपाणी. गुडघ्याचं तेल.

"आणि ही?" नवऱ्याने शेवटची बाटली पुढे केली.

"खोकल्याचं औषध," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. आणि पेन थांबलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. सासूबाई तर नऊ दिवस खोकल्याचं औषध घेत होत्या. दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे.

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. सासूबाई गुणगुणत विणत होत्या. बाही आता जमिनीला टेकली होती. लोकरीच्या पिशवीतून एका तपकिरी बाटलीचं बूच डोकावत होतं. ग्रंथपालबाईंनी बाटली काढली, उघडली आणि नाकाशी धरली. बारा वर्षांची होती. दोन बोटं उरली होती.

"फार गुणकारी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "खोकला पार गेला."

"मग अजून का घेताय?"

"परत येऊ नये म्हणून."

सासूबाईंनी नजर खाली केली नाही. ग्रंथपालबाईंनी हातातल्या लेबलावर सुबक अक्षरात लिहिलं, 'खोकल्याचं औषध', खाली क्रमांक टाकला आणि ते बाटलीवर अगदी सरळ चिकटवलं. आयुष्यात त्यांनी चुकीचं लेबल लावण्याची ही पहिलीच वेळ होती.

"सापडली का गं रम?" आतून नवऱ्याने विचारलं.

"नाही हो. संपली वाटतं."

एवढं बोलून ग्रंथपालबाई सासूबाईंशेजारी शेगडीपाशी बसल्या, आणि थोड्या वेळाने बारीकसं खोकल्या. सासूबाईंनी लोकरीच्या पिशवीत हात घालून चमचा काढला.